मदत हवी आहे: शॉर्टवेव्हवर (रेडिओचा दूरदेशीची केंद्रं पकडणारा पट्टा) आता कोणते देश ऐकू येतात?

वडिलांना एकच बातमी दोन-तीन देशांच्या तोंडून ऐकायची जुनी सवय. आणीबाणीत बीबीसी, पुढे शीतयुद्ध संपेपर्यंत एकीकडे व्हॉइस ऑफ अमेरिका, दुसरीकडे रेडिओ मॉस्को. खरं काय ते दोघांच्या मधे कुठेतरी, असा त्यांचा हिशेब. रेडिओ ऑस्ट्रेलियाची शॉर्टवेव्ह २०१७ मध्ये गेली, बीबीसी हिंदीची ३१ जानेवारी २०२० ला. मोबाइलवर सगळं मिळतं हे सांगून झालंय, उपयोग नाही!

आम्ही साताऱ्यात, रेडिओ साधा, हातात मावणारा. संध्याकाळी शॉर्टवेव्हच्या ३१ मीटर पट्ट्यावर चीनचं केंद्र दणदणीत लागतं, बाकी खरखर. (घरातले एलईडी दिवे बंद केले की ती बरीच कमी होते.)

तर चीन सोडून इंग्रजी किंवा हिंदीत बातम्या देणारी कोणती केंद्रं सध्या आपल्याकडे नीट लागतात? वेळ आणि किलोहर्ट्झ दोन्ही सांगा, आणि माहिती चालू हंगामाचीच हवी. मार्च आणि ऑक्टोबरअखेर वेळापत्रकं बदलतात.

शिवाय गच्चीवर दहाएक मीटर तांब्याची तार अँटेना म्हणून ताणली तर एवढ्याशा सेटला फायदा होईल, की तगड्या केंद्रांच्या माऱ्याने तो उलट गुदमरेल? कुणी करून पाहिलंय का?