मुलगा हेवी मेटल ऐकतो म्हणून घरात 'संस्कार' निघालेत, जाणकारांनी सांगा

गोदाकाठ:

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, पण आज लिहायची वेळ आली.

मुलगा अकरावी सायन्सला आहे. गेली दोनेक वर्षं तो हे हेवी मेटल ऐकतोय. आधी सगळं हेडफोनवर चालायचं त्यामुळे घरात कुणाला पत्ता नव्हता, मग गिटार हवी म्हणाला, घेऊन दिली, आता बाथरूममध्ये कोंडून घेऊन घशातून गुरगुरायची प्रॅक्टिस करतो. सासूबाईंना वाटलं पोराचा घसा धरलाय, त्या रोज ज्येष्ठमधाची काडी हातात देतात आणि तोही काही न बोलता चघळतो.

मला स्वतःला ते संगीत झेपत नाही, हे आधीच सांगून टाकते. पण डोक्याला ताप झालाय तो बाकीच्यांचा. माझे दीर म्हणतात, वहिनी हे सगळे सैतानाचे पूजक असतात, आज हे ऐकतोय उद्या गांजा ओढेल, अमेरिकेत या गाण्यांमुळे पोरांनी जीव दिला आणि कोर्टात केस झाली, गूगल करून बघा. त्यात क्लासच्या सरांनी मला बोलावून घेतलं. कशासाठी, तर टीशर्टवर सांगाडा होता. मार्कांबद्दल एक अक्षर नाही (मार्क बरे आहेत म्हणूनच नाही), फक्त 'मुलगा डिप्रेस्ड वाटतो, लक्ष ठेवा'. हा मुलगा घरात आजीशी पत्ते खेळतो हो, आणि हरला की भांडतो.

गंमत म्हणजे हेच दीर विसर्जनाला डीजेच्या भिंतीसमोर चार तास नाचून दुसऱ्या दिवशी कान दुखतात म्हणून डॉक्टरकडे गेलेले आहेत, पण तो सण आहे म्हणे.

तर विचारायचं हे, की यात खरंच काही काळजी करण्यासारखं आहे का? आणि ती कोर्टाची केस नेमकी काय होती? मला घरात उत्तर द्यायचंय, नुसतं 'असू दे हो' म्हणून आता भागत नाही.

रंगभवनी:

ताई, केस खरी आहे, पण तुमच्या दिरांनी निकाल वाचलेला दिसत नाही.

बँडचं नाव ज्युडास प्रीस्ट, इंग्लंडचा. १९८५ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत नेवाडा राज्यात दोन तरुणांनी आत्महत्येचा प्रयत्न केला, एक तेव्हाच गेला आणि दुसरा काही वर्षांनी. घरच्यांनी बँडवर दावा लावला की १९७८ च्या अल्बममधल्या एका गाण्यात 'कर' असा छुपा हुकूम आहे, तो कानाला कळत नाही पण मनावर काम करतो. आता ते गाणं मुळात यांचं नाहीच, दुसऱ्याच एका बँडचं जुनं गाणं यांनी परत म्हटलेलं. १९९० मध्ये रीनो शहरात केस चालली. गायक रॉब हॅलफर्डने काय करावं, आपलीच गाणी उलटी वाजवून कोर्टाला ऐकवली आणि त्यात 'आई, माझी खुर्ची मोडली' अशा अर्थाचं काहीतरी ऐकू येतं हे दाखवून दिलं. शोधलं की कशातही काहीही सापडतं! शेवटी जजने दावा फेटाळला. त्या पोरांच्या आयुष्यात घरची मारहाण, दारू, ड्रग्ज सगळं होतं, पण दावा लागला तो रेकॉर्डवर.

त्याच १९८५ ला सप्टेंबरात अमेरिकेच्या सिनेटसमोर सुनावणी झाली होती. टिपर गोर वगैरे बड्या नेत्यांच्या बायकांनी संघटना काढून पंधरा वाईट गाण्यांची यादी केलेली. ट्विस्टेड सिस्टर बँडचा डी स्नायडर जीन्स आणि विस्कटलेल्या केसांत साक्ष द्यायला गेला, सगळ्यांना वाटलं आता याची फजिती होणार, आणि तो शांतपणे म्हणाला की मी ख्रिश्चन आहे, दारू सिगरेट ड्रग्ज काही करत नाही, आणि ज्या गाण्यात तुम्हाला छळ दिसतो ते आमच्या गिटारिस्टच्या घशाच्या ऑपरेशनच्या भीतीवर आहे. तरी कॅसेटवर पालकांसाठीचा तो काळापांढरा इशारा आलाच. आमच्यासारख्यांनी मग तो शिक्का बघूनच कॅसेट घेतल्या, ते वेगळं.

मी मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनला इंडिपेंडन्स रॉक या रॉक फेस्टिव्हलला जाणाऱ्यांतला. दिवसभर उघड्यावर, पावसात, काळे टीशर्ट घालून मान हलवायची आणि शेवटची लोकल पकडून डोंबिवली. डब्यात लोक सरकून बसायचे, आमच्यामुळे कधी नव्हे ती बसायला जागा मिळायची. त्या ग्रुपमधले आज एक सीए, दोन बँकेत, एक जण भजनी मंडळात पखवाज वाजवतो. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमात रंगभवन गेलं, त्याचं दुःख अजून आहे.

खडूस मास्तर:

सगळे एका सुरात गोड गोड लिहिणार हे माहीतच होतं म्हणून दुसरी बाजू मांडतो.

नॉर्वेचं काय? १९९२ मध्ये बर्गनजवळचं फान्टॉफ्टचं शेकडो वर्षांचं लाकडी चर्च जळून खाक झालं, त्यानंतर आणखी चर्चेस जाळली गेली, आणि १९९३ ला ब्लॅक मेटल या मेटलच्याच टोकाच्या प्रकारातल्या एका वादकाने दुसऱ्याचा खून केला, २१ वर्षांची शिक्षा झाली. हे कुणा दिराच्या डोक्यातून आलेलं नाही. आणि २०११ ला गुडगावला मेटालिका या अमेरिकन मेटल बँडचा शो ऐनवेळी रद्द झाला तेव्हा स्टेजची मोडतोड कुणी केली, भजनी मंडळाने? बाकी गाण्यांमधले शब्द एकदा बघा, बायकांबद्दल काय काय लिहिलेलं असतं. आईने विचारलंय तर तिला अर्धंच चित्र दाखवू नका.

सुपारीफुटकी:

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

अवांतर: मुलाला भीमसेन ऐकवा, आपोआप सुटेल.

ड्रॉप_सी:

भीमसेन मीही ऐकते, सुटलं नाही.

मास्तर, नॉर्वेचं शंभर टक्के खरं. पण ती मूठभर वीस-बावीस वर्षांची पोरं होती, आणि शिक्षा झाली ती कृत्यासाठी. टीशर्टसाठी शिक्षा कशी होते ते मी सांगते, कारण काकूंच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे असं मला वाटतं.

अमेरिकेत आर्कान्सा राज्यात वेस्ट मेम्फिस नावाचं गाव. १९९३ ला आठ वर्षांच्या तीन मुलांचे खून झाले, भयंकर प्रकार होता, गाव हादरलं. पोलिसांनी तीन टीनएजर उचलले. घटनास्थळाशी जोडणारा धड पुरावा नाही, त्यातल्या एकाचा बुद्ध्यांक कमी, त्याची तासन्‌तास चौकशी करून कबुली घेतली, तीही तपशिलात चुकलेली. पण डेमियन एकल्स काळे कपडे घालतो, मेटालिका ऐकतो, जादूटोण्याची पुस्तकं वाचतो, हे सगळं कोर्टात सैतानपूजेचा पुरावा म्हणून मांडलं गेलं. त्याला फाशीची शिक्षा, बाकी दोघांना जन्मठेप. अठरा वर्षं आत काढल्यावर २०११ ला तिघे सुटले, तेही 'आम्ही निर्दोष आहोत पण कागदावर गुन्हा मान्य' अशा विचित्र तडजोडीवर. त्या तिघांवरच्या डॉक्युमेंटरीला मेटालिकाने आपली गाणी वापरू दिली होती.

मोरोक्कोत २००३ ला कासाब्लांकामध्ये चौदा जणांना, म्हणजे मेटल वाजवणारे आणि ऐकणारे, तुरुंगात टाकलं. पुराव्यात कवटीचे काळे टीशर्ट! अपिलात बहुतेक सुटले. म्हणून क्लासच्या सरांचं वाचून मला हसू आलं नाही.

आता काळजीचं. हेरियट-वॉट युनिव्हर्सिटीच्या एड्रियन नॉर्थने २००८ ला जगभरातल्या ३६,००० हून जास्त लोकांचा अभ्यास केला, त्यात मेटल ऐकणारे आणि वेस्टर्न क्लासिकल ऐकणारे स्वभावाने बरेच सारखे निघाले: कल्पक, शांत, जरा आपल्यातच राहणारे. सिडनीच्या मॅक्वारी युनिव्हर्सिटीवाल्यांनी २०१९ ला अजून मजेशीर केलं, कानात डेथ मेटल (गुरगुरत म्हणायचा जहाल प्रकार) लावून एका डोळ्याला हिंसक फोटो आणि दुसऱ्याला साधा फोटो दाखवला आणि मेंदू आधी कशाची दखल घेतो ते बघितलं. डेथ मेटलचे फॅन आणि बाकीचे लोक, फरक नाही. म्हणजे हिंसेचं काही वाटेनासं होतं हा आरोप तिथे तरी टिकला नाही. छोटा अभ्यास आहे, त्याच्यावर घर बांधू नका, पण दिरांच्या गूगलपेक्षा बरा.

शब्दांबद्दल मात्र मास्तरांशी सहमत, काही बँड मीही त्याच कारणाने ऐकत नाही. आणि पूर्वग्रह फक्त बाहेरचे करतात असंही नाही. मी मूळची कोल्हापूरची, पुण्यात नोकरी. २०१९ ला वीकेंडर फेस्टिव्हलला ओपेथ हा स्वीडिश मेटल बँड आला तेव्हा त्यांचा टीशर्ट घालून रांगेत उभी होते तर मागचा दाढीवाला म्हणतो, तीन अल्बमची नावं सांग. मी सात सांगितली आणि मग त्याला चार विचारली. बॉयफ्रेंडचा टीशर्ट आहे का, हे तर प्रत्येक शोला. घरी आईला वाटतं अशाने स्थळं येणार नाहीत, आणि तिकडे या लोकांना वाटतं मुलगी आहे म्हणजे शो-ऑफ.

काकू, ते गुरगुरणं मात्र लक्षात घ्या. चुकीच्या पद्धतीने केलं तर आवाज खरोखर बसतो. दुखायला लागलं की त्या दिवशी थांबायचं, आणि जमलं तर ग्रोल, म्हणजे हेच गुरगुरणं, शिकवणारा कुणीतरी गाठून द्या, हल्ली ऑनलाइनही शिकवतात.

रंगभवनी:

मास्तर, गुडगावचं तुमचं बरोबर, मोडतोड झालीच. पण दोनच दिवसांनी बंगलोरला तोच बँड वाजवून गेला, हजारो लोक होते, तिथली बातमी तुम्हाला आठवते का? नाहीच आठवणार.

ताई, अजून एक सासूबाईंसाठी. ते पहिलं बोट आणि करंगळी वर करून जे शिंग दाखवतात ना, ज्यावरून सैतान सैतान चालतं, ते मेटलमध्ये रूढ केलं रॉनी जेम्स डिओने. त्याची आजी इटालियन. ती वाईट नजर घालवायला तसं बोट करायची, म्हणजे तिकडची दृष्ट काढणं.

गोदाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. खडूस मास्तर तुमचेही, नॉर्वेचं मला माहीत नव्हतं, मी मुलालाच विचारलं तर त्याने अर्धा तास त्याच्यावर लेक्चर दिलं आणि तो माणूस किती नालायक आहे हे मला सविस्तर कळलं.

दिरांना ज्युडास प्रीस्टचा निकाल पाठवला. निळी टिक आली, उत्तर नाही. सासूबाईंना दृष्टीचं सांगितलं, त्या म्हणाल्या मग बोटांनी नुसतं काय होतंय, मीठमोहऱ्या पाहिजेत. क्लासच्या सरांचं अजून ठरत नाहीये, टीशर्ट घालू नकोस म्हणावं तर चुकीचं वाटतं आणि बारावी त्यांच्याकडेच काढायचीय. सध्या वरून साधा शर्ट, बटणं उघडी, असा तह झालाय.

खडूस मास्तर:

तह योग्य.

बरं, एवढं सगळे सांगताय तर ज्यात किंचाळणं नाही असं काही आहे का या प्रकारात? वय ६१, बीपीची गोळी चालू.

ड्रॉप_सी:

ओपेथचा 'डॅमनेशन', २००३ चा. पूर्ण अल्बममध्ये एकदाही गुरगुरत नाहीत. रात्री लावा.

खडूस मास्तर:

ऐकला. पहिलं गाणं चांगलं आहे, पुन्हा लावलं. चौथ्याच्या आसपास झोप लागली. याला मेटल का म्हणायचं ते कळलं नाही.

ड्रॉप_सी:

त्यावरून आमच्यात वेगळी भांडणं आहेत मास्तर, त्याचा नवीन धागा काढू.