मोरिकोने म्हणजे नुसती शिट्टी नव्हे

इटालियन चित्रपट-संगीतकार एन्यो मोरिकोने म्हणजे काउबॉयपटांतली शिट्टी, असं कुणी म्हटलं तर ते अर्धंच खरं. (ती शिट्टीसुद्धा वाजवलेली अलेस्सांद्रोनी या वादकाने!) हेडफोन लावून 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' (१९६८) ऐका. धुना शूटिंगआधीच तयार होत्या, दिग्दर्शक लिओने त्या सेटवर वाजवायचा. नायिका जिल स्टेशनात शिरते, गायिका एडा देल'ओर्सोचा शब्दांविना आवाज सुरू होतो आणि कॅमेरा छपरावरून वर चढतो तसा ऑर्केस्ट्राही. अंगावर काटा येतो राव!

मोरिकोने ६ जुलै २०२० ला गेला, तर मृत्युलेखही स्वतःच लिहून ठेवलेला. त्यात सगळ्यांत जड निरोप बायकोला, मारियाला. परवापासून तेच डोक्यात आहे. आणि स्पर्धेतलं (मानद नव्हे) ऑस्कर कधी, तर २०१६ मध्ये, ८७ व्या वर्षी. अकादमीवाले तोवर काय कानात बोळे घालून बसले होते?