एलसी३बी लिपिडला जोडलं जातच नाहीये, मदत हवी आहे

मंडळी, पीएचडीचं दुसरं वर्ष, पुणे. ऑटोफॅजीवाले (पेशी स्वतःचेच टाकाऊ भाग पचवते, ती प्रक्रिया) कुणी असाल तर जरा बघा.

ट्यूबमध्येच एलसी३बी या ऑटोफॅजीतल्या प्रोटीनचं लिपिडेशन, म्हणजे लिपिडशी जोडणी, करून बघायचंय. जोडणी करणारी एन्झाइमं एटीजी७ आणि एटीजी३, एलसी३बी, ३० टक्के पीईचे (एलसी३बी ज्याला जोडलं जातं ते लिपिड) लायपोसोम, म्हणजे लिपिडचे पोकळ गोळे (एक्स्ट्रूडरमधून, ४०० नॅनोमीटर), मॅग्नेशियम, डीटीटी, एटीपी (याच्याशिवाय जोडणी होत नाही). ३७ अंशांवर दीड तास. एलसी३-टू, म्हणजे लिपिड जोडलेलं रूप, झालं तर जेलवर त्याचा बँड खाली सरकायला हवा. (वजन वाढूनही खाली का, हे आमच्या ज्युनिअरला अजून पटलेलं नाही.) चारदा केलं. एटीपीची लेन आणि बिनएटीपीची लेन, जुळ्या बहिणी!

एलसी३बी विकतचं, ई. कोलायमध्ये बनवलेलं, एन टोकाला हिस-टॅग (निकेलला चिकटणारा तुकडा). बाकीची दोन एन्झाइमं शेजारच्या लॅबची. माझा संशय फ्रीझरवर. मागे एका शनिवारी रात्री लाइट गेली, जनरेटर लागलाच नाही. सोमवारी उणे ८० वाला उणे २२ दाखवत होता. सर म्हणतात नवीन मागव, पण ग्रँटमध्ये खडखडाट आहे. प्रोटीन मेलंय का, हे कसं तपासू?

प्रतिसाद १
फ्रीझरला नंतर शिव्या घाला. एलसी३बीच्या डेटाशीटवर अमिनो आम्लं १ ते १२५ लिहिलंय की १ ते १२०?

धागाकर्ती
१ ते १२५. पूर्ण लांबीचं म्हणून मुद्दाम तेच घेतलं.

प्रतिसाद १
तिथेच गोम आहे. १२० व्या ग्लायसिनपुढे पाच अमिनो आम्लांचं शेपूट असतं. आपल्या पेशीत एटीजी४बी नावाचं एन्झाइम ते कापतं, ग्लायसिन उघडं पडतं, मगच एटीजी७ त्याला धरतं. ई. कोलायमध्ये एटीजी४ नाहीच, कापणार कोण? प्रोटीन ठणठणीत असलं तरी हेच दिसेल.
एटीजी४बीने कापून घ्या, पण नंतर ते काढा, नाहीतर तयार झालेलं एलसी३-टूही ते परत सोडवतं. जीएसटी-टॅगवालं एटीजी४बी मिळालं तर ते ग्लुटाथायोन बीड्सवर अडकवता येईल. हिस-टॅगवालं नको, निकेलवर दोघंही बसतील. एनईएमने (सिस्टीनला चिकटून एन्झाइम बंद पाडणारं रसायन) मारायला जाऊ नका, उरलेलं एनईएम एटीजी७ आणि एटीजी३ची सिस्टीनंही खाईल. आणि नुसतं कापल्यावरही बँड किंचित खाली येतो, जेमतेम अर्धा किलोडाल्टन. त्याला एलसी३-टू समजून मी एकदा पेढे वाटलेत.

प्रतिसाद २
वरच्यांना +१. पण लायपोसोमही बदला. एटीजी३ला चांगलं वाकलेलं पटल लागतं, ३० टक्के पीईवर ४०० नॅनोमीटर म्हणजे त्याच्यासाठी सपाट मैदान. सॉनिकेट करून (ध्वनिलहरींनी फोडून) बारीक करा. एटीजी३चा टॅग कुठल्या टोकाला आहे तेही विचारा. पटलाला धरतं ते त्याचं एन टोक.

धागाकर्ती
विचारलं. टॅग सी टोकाला आहे, हुश्श. आणि त्यांच्याच फ्रीझरच्या तळाशी जीएसटीवालं एटीजी४बी सापडलं, लेबलवर २०२१! गुरुवारी लावते. सरांना ऑर्डर थांबवायला सांगितलंय.