हायब्रीड गाडीचं इंजिन ऑइल: किलोमीटर बघायचे, महिने बघायचे की इंजिनाचे तास?

कर्वेनगरकर_ताई
गाडी टोयोटाची हायरायडर, स्ट्राँग हायब्रीड म्हणजे नुसत्या बॅटरीवर पण चालणारी, दीड लिटरचं तीन सिलिंडरवालं इंजिन. मागचं ऑइल बदलून साडेअकरा महिने झाले आणि गाडी फिरलीये फक्त ५,८०० किमी. घर ते ऑफिस साडेचार किमी, येताना भाजी, रविवारी सिंहगड रोडला आईकडे, बस एवढंच. सर्व्हिसवाल्यांचा फोन आला की १०,००० किमी किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते, त्यामुळे या महिन्यात गाडी आणा. आता माझ्या स्क्रीनवर ट्रिप संपली की ईव्हीवर, म्हणजे इंजिन बंद ठेवून नुसत्या बॅटरीवर, किती ते दाखवतं, शहरात ६० टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे इंजिन खरं फिरलं सव्वादोन-अडीच हजार किमी. डिपस्टिक काढून बघितली तर ऑइल मधासारखं, काळं पडलेलं पण नाही. हे चांगलं झिरो डब्ल्यू १६ सिंथेटिक ऑइल ओतून टाकायचं का? नवऱ्याचं म्हणणं तारीख म्हणजे तारीख, दुधाच्या पिशवीसारखं. मला ते काही पटत नाहीये. अनुभवी लोकांनी सांगा.

निवांत_पेट्रोल
ताई तुमचं बरोबर आहे आणि मी गेली तीन वर्षं हेच सांगतोय पण कोणी ऐकत नाही. ओडोमीटर चाकं मोजतो, इंजिन नाही. साध्या पेट्रोल गाडीत चाक फिरतंय म्हणजे इंजिन चालू, तिथे किमी हिशोब ठीक आहे. हायब्रीडमध्ये अर्धा वेळ इंजिन झोपलेलं असतं. साधं गणित घाला, शहरात सरासरी २२ चा वेग धरला तर ५,८०० किमी म्हणजे साधारण २६४ तास, त्यातले ६० टक्के बंद म्हणजे इंजिन चाललं १०५ तास. वर्षात १०५ तास! ऑइल खराब होतं ते उष्णतेने, ज्वलनाच्या घाणीने, बंद इंजिनात त्याला काय होणार आहे. कंपनीने साध्या पेट्रोलचं टेबल उचलून हायब्रीडला चिकटवलंय कारण वेगळं टेबल करायला कोणाला वेळ नाही. मी १५,००० ला बदलतो आणि गाडी लोण्यासारखी चालते.

शिवारातला_चालक
आमच्याकडं हा वादच नाही. ट्रॅक्टरला तास मीटर असतो, २५० तास झाले की ऑइल, मग तो नांगर ओढो नाहीतर टँकर. किती किलोमीटर चालला हे कोण विचारतंय. कार कंपन्यांनी एक तास मीटर दिला असता तर अर्धी भांडणं मिटली असती. ताईंचे १०५ तास म्हणजे आमच्या हिशोबात निम्मं पण काम झालं नाही.

पान्हा_बारा_तेरा (सांगली, २१ वर्षं गॅरेज)
भाऊ, ट्रॅक्टर सुरू झाला की चार-पाच तास तापून लाल होतो. ताईंचं इंजिन कधी तापतच नाही, दुखणं तिथंच आहे. दोघांचे तास सारखे धरायचे म्हणजे दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

ताई, नीट वाचा. सकाळी तुम्ही गाडी सुरू करता, इंजिन मिनिटभर चालतं ते मुख्यतः सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गरम करायला. मग बंद. मग सिग्नल सुटला, थोडा जोर लागला, परत चालू, तीस-चाळीस सेकंद, परत बंद. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त द्यावं लागतं, त्यातलं सगळं जळत नाही, थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरतं. पेट्रोल जळलं की त्यातून पाण्याची वाफ पण होतेच, ती थंड क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पोटात, जिथं ऑइल असतं) जाऊन पाणी होऊन बसते. लांब पल्ल्याला गेलात की ऑइल तापतं, हे पाणी अन् बरंचसं पेट्रोल वाफ होऊन पीसीव्ही वाटे, म्हणजे ती वाफ ओढून घेणाऱ्या नळीवाटे, परत इंजिनात जाऊन जळून जातं. साडेचार किमीत ऑइल तापत नाही, कुलंटचा निळा दिवा गेला तरी ऑइल अजून कोमटच असतं, ते कायम मागून तापतं. म्हणजे आत येणारं रोज येतंय आणि बाहेर जाणारं जातच नाही. वर्षभर.

आणि मधासारखं दिसतंय यावर जाऊ नका. पेट्रोल मिसळलेलं ऑइल उलट स्वच्छच दिसतं. डिपस्टिकचा वास घेऊन बघा. आणि पातळी मागच्या वेळेपेक्षा वर दिसली तर खूश होऊ नका की गाडी ऑइल पीत नाही म्हणून, वाढलंय म्हणजे त्यात पाहुणा आलाय. ऑइल भरायचं झाकण उघडा आणि आतून बघा. पावसाळ्यात माझ्याकडे शाळा-क्लास-भाजीवाल्या गाड्या येतात त्यांच्या झाकणाला पिवळट लोणी, म्हणजे ऑइलमध्ये पाणी घुसळून झालेला फेस, लागलेलं असतं. निवांतदादा, तुमची लोण्यासारखी चालते म्हणालात ते झाकण पण एकदा उघडा.

निवांत_पेट्रोल
हाहा, लोण्याचा टोमणा पोचला. पण मी रोज ३८ किमी एकेरी जातो, चाकण. माझं ऑइल तापतं.

पान्हा_बारा_तेरा
मग तुमचा सल्ला तुमच्यापुरता ठेवा ना. साडेचार किमीवालीला ३८ किमीवाल्याचं औषध कशाला देता.

मायलेजवाला_मन्या
मी सगळ्यांना सांगतो, ५,००० ला बदला, डोळे झाकून. मी अमेरिकन मेकॅनिकचे व्हिडिओ बघतो, तिकडचे जुने जाणते लोक सांगतात पाच हजार, कंपनीचं दहा हजार हे फक्त विकण्यापुरतं. इंजिन लाखांचं आणि ऑइल चार हजाराचं.

एडिसन_ते_सातारा (न्यू जर्सी)
मन्या, ते पाच हजार मैल आहेत रे. ५,००० मैल म्हणजे ८,००० किमी. आणि इथे टोयोटाच्या मॅन्युअलमध्ये सिंथेटिक ऑइलला १०,००० मैल किंवा १२ महिने असतं, म्हणजे १६,००० किमी, आणि धूळ, लहान फेऱ्या वगैरे कडक वापर असेल तर ५,००० मैल. म्हणजे भारतातलं १०,००० किमी हे आधीच या दोन्हींच्या मधलं आहे, तुम्ही त्याचं पण निम्मं करताय. व्हिडिओतला आकडा उचलला, एकक तिकडेच राहिलं.

माझी प्रियस आहे, २०१० ची. पहिले काही हिवाळे मी पण निवांतदादांसारखाच विचार करायचो. पण इथे जानेवारीत हीटर लावला की इंजिनाला बंद व्हायची सोय नाही, केबिनला ऊब देण्यासाठी ते चालूच राहतं, त्यामुळे हिवाळ्यात माझी हायब्रीड अर्धी साधी पेट्रोल गाडी होते. तुमच्याकडे एसीचा कंप्रेसर विजेवर चालतो, बॅटरी उतरली की इंजिन येतं आणि भरून जातं, म्हणजे उन्हाळ्यात ताईंचे ६० टक्के पण खाली येत असणार. वर्षभराचा एकच टक्का धरून तासांचं गणित मांडणं जरा धाडसाचं आहे.

चुकचुकलेला_नट
त्यात ते ६० टक्के वेळेचे आहेत की अंतराचे हे ताईंनी सांगितलंच नाही. वेळेचे असतील तर सिग्नलला उभी असलेली गाडी पण त्यात धरलेली असते. पुण्यात तर निम्मं आयुष्य सिग्नललाच. त्यामुळे सव्वादोन-अडीच हजार किमी हा आकडा तसाच सोडून द्या.

अर्टिगा_परिवार
आमची पण हायब्रीड आहे, मागे तसं लिहिलंय, म्हणजे आम्ही पण १५,००० ला नेली तर चालेल का?

पान्हा_बारा_तेरा
अजिबात नाही दादा. तुमची माइल्ड हायब्रीड. पट्ट्यावरचा एक जनरेटर-कम-स्टार्टर जरासा धक्का देतो आणि सिग्नलला इंजिन बंद करतो, बाकी गाडी हलतेय म्हणजे इंजिन चालूच. तुमचं किलोमीटरवालं गणित साध्या पेट्रोलचंच. या वादात पडूच नका, पुस्तकातल्या तारखेला जा.

विदर्भ_एक्सप्रेस
सांगलीवाल्या भाऊंचं सगळं मान्य पण थोडं घाबरवणं पण होतंय बे. नागपुरात मे महिन्यात ४५ डिग्रीत उभी गाडीच एवढी तापलेली असते की ऑइल थंडं राहायचा प्रश्न नाही, पाणी साचायचं ते पुण्या-कोकणातल्या पावसाळ्यात. सगळ्या महाराष्ट्राला एकच नियम कसा लागंल. आणि हायब्रीडचं इंजिन स्टार्टरच्या झटक्याने सुरू होत नाही, आधी मोटर त्याला हजारेक आरपीएमला फिरवते, मग पेट्रोल सोडतात. त्यामुळं वारंवार चालू-बंदची जी भीती घालतात तेवढी झीज होत नाही. साध्या गाडीत सकाळी थंड इंजिनाला जो घरघराट असतो तो इथं नाहीच.

दुसरं, ई-२० मुळं, म्हणजे २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलमुळं, ऑइलची वाट लागते असं जे फिरतंय, त्यात अर्धंच खरं आहे. इथेनॉल पाणी ओढतं हे खरं. पण ते ७८ डिग्रीलाच उकळतं, ऑइल जरा तापलं की निघून जातं. पेट्रोलचा जड भाग मात्र त्याच्या दुप्पट तापमानाला पण हटत नाही. म्हणजे ई-२० ला शिव्या घालण्याआधी गाडी आठवड्यातून एकदा तरी तापवा.

पान्हा_बारा_तेरा
४५ डिग्री आणि ९० डिग्री यात फरक असतो विदर्भभाऊ. उन्हात उभी गाडी तापली म्हणून ऑइलमधलं पेट्रोल उडत नसतं. सुरू होतानाची झीज कमी हे मात्र खरंय, तिथं मी मागं घेतो. माझा मुद्दा झिजेचा नाही, ऑइल पातळ होण्याचा आहे. आधीच झिरो डब्ल्यू १६ म्हणजे पाण्यासारखं, त्यात पेट्रोल. वीस-चाळीस म्हणजे २० डब्ल्यू ४० या जाड ऑइलमध्ये थोडं पेट्रोल गेलं तर खपून जातं, सोळामध्ये वरकड असं काही शिल्लकच नसतं.

मायलेजवाला_मन्या
मग सरळ जाड ऑइल टाका ना. माझ्या मेकॅनिकने वीस-चाळीस टाकून दिलं होतं मित्राच्या हायब्रीडमध्ये.

एडिसन_ते_सातारा
अरे देवा.

टुरिस्ट_परमिट
माझी इनोव्हा हायक्रॉस, ती पण हायब्रीड, मुंबई-शिर्डी-नाशिक, महिन्याला चार हजार किमी कुठं गेले नाहीत. दर अडीच महिन्याला १०,००० होतात. तुम्ही लोक एका वर्षाच्या ऑइलवर एवढी चर्चा करताय तेवढ्यात माझं दोनदा बदलून होतं. हायवेला इंजिन जास्तच चालतं, कसाऱ्याच्या चढाला तर सारखं. उतारावर बॅटरी भरली की मग पेट्रोल न टाकता नुसतं इंजिन फिरवून ब्रेक लावते, आवाज येतो, नवीन पॅसेंजर घाबरतात. तरी काढलेलं ऑइल मी दरवेळी बोटावर घेऊन बघतो, काळं असतं पण चिकट, पेट्रोलचा वास नाही. माझा भाऊ तीच गाडी घरगुती वापरतो, त्याचं चार हजार किमीचं ऑइल माझ्या दहा हजारच्या ऑइलपेक्षा पातळ लागतं बोटाला. मी शिकलेला नाही, पण बोटाला कळतं.

एक सांगतो. सर्व्हिसला गेलात की ऑइल आणि फिल्टर एवढंच सांगा. मला एका ठिकाणी इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लिनिंग, वरून कसलीशी बाटली असं धरून बिल दुप्पट केलं होतं, पुस्तकात एक पण लिहिलेलं नव्हतं. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. तेव्हापासून पुस्तक गाडीत ठेवतो आणि काउंटरवर उघडतो.

निवांत_पेट्रोल
टुरिस्टभाऊंचं बोट मान्य करावं लागेल. पण मग नियम काय झाला, कमी चालणाऱ्याने लवकर बदलायचं आणि जास्त चालणाऱ्याने उशिरा? हे माझ्या डोक्याला उलटं वाटतं.

पान्हा_बारा_तेरा
उलटं वाटतं पण तसंच आहे. रोज पोळीचा तवा तापतो त्याला गंज येत नाही, कोपऱ्यात पडलेल्याला येतो. तुम्ही चाकणवाले १०,००० ला या, त्याच्या पुढं मी तरी हो म्हणणार नाही, कारण वॉरंटी. उद्या इंजिनाचं काही निघालं आणि सर्व्हिसच्या नोंदीत पाच हजाराचं भगदाड दिसलं तर कंपनी बोट तिथंच ठेवणार, तेव्हा तुमचं तासांचं गणित कोणी वाचणार नाही.

चुकचुकलेला_नट
सगळे ऑइलवर तुटून पडलेत. मागच्या सीटजवळ जाळी असते ती कोणी बघितलीये का? तिथून हवा ओढून हायब्रीड बॅटरी थंड ठेवतात. ती बुजली की बॅटरी तापते. बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी आहे म्हणून बरंय, पण ऑइल चार हजाराचं आणि ती बॅटरी लाखाच्या घरात, मारामारी मात्र ऑइलवरून.

कर्वेनगरकर_ताई
सगळं वाचलं. खाली जाऊन झाकण उघडलं. लोणी आहे 😐 जाड नाही पण बोटाने पुसता येईल एवढं आहे. डिपस्टिकला वास येतोय का हे नवऱ्याला विचारलं तर तो म्हणे मला काही येत नाही, सासूबाईंनी लांबूनच सांगितलं पेट्रोलचा येतोय म्हणून. पातळी वरच्या खुणेच्या थोडी वर आहे, मागच्या सर्व्हिसला नेमकी खुणेवर होती, तेव्हाचा फोटो आहे माझ्याकडे. आणि हो, ते ६० टक्के वेळेचेच निघाले.

शनिवारची वेळ घेतलीये, फक्त ऑइल आणि फिल्टर. रविवारी आईकडे जायच्या आधी वाईपर्यंत एक चक्कर मारून येऊ म्हणते, खंबाटकी धरून, निदान नवीन ऑइल एकदा तरी तापू दे. नवरा तारखेचं खरं झालं म्हणून घरभर फिरतोय, त्याला मी सांगितलंय की तारखेमुळे नाही, लोण्यामुळे बदलतेय.

जाळी पण बघितली. आमच्या बंड्याचे केस, अर्धी जाळी बंद. बंड्या म्हणजे कुत्रा. हे कशाने काढायचं, व्हॅक्यूम लावला तर चालतो का?