मदत हवी आहे: १९५१ च्या शेव्हरोलेला त्याच काळातली चाकं कशी जुळवू?

नमस्कार मंडळी,

जुन्या गाड्यांत हात काळे केलेली बरीच माणसं इथे आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या कॅलिफोर्नियात स्टॉकटनला राहतो. आमच्या शेजारचे आजोबा गेल्या वर्षी वारले. त्यांची १९५१ ची दोन दारांची शेव्हरोले स्टाइललाइन डिलक्स त्यांच्या मुलीने मला जवळजवळ फुकट दिली. अट एकच घातली: बाबांनी तरुणपणी केली होती, अगदी तशीच पुन्हा उभी करायची.

आजोबांनी ती घरच्या गॅरेजात स्वतः 'कस्टम' केली होती. बॉनेटवरचं चिन्ह आणि डिकीचं हँडल काढून भोकं शिशाने भरलेली, मागे पाटे आणि एक्सलच्या मध्ये ठोकळे घालून गाडी खाली बसवलेली, मागची चाकं अर्धी झाकणारे मडगार्डचे स्कर्ट. लॉस एंजलिसच्या गाड्या बदलून देणाऱ्या बॅरिस बंधूंनी मर्क्युरी गाड्यांवर जी तऱ्हा गाजवली, तिचाच हा साधा घरगुती अवतार. शिशाचं काम इतकं सफाईदार आहे की बॉनेटवरून बोट फिरवलं तरी जोड लागत नाही. त्यामुळेच चाकांच्या बाबतीत 'जुनं दिसतंय ना, चालेल' असं मला करायचं नाही.

सध्या गाडीवर ऐंशीच्या दशकातली ॲल्युमिनियमची चाकं आहेत, घरातल्याच कोणीतरी नंतर बसवलेली. एका मित्राचं म्हणणं, क्रेगार एसएस लाव, छान चमकतील. पण ते चाक बाजारात आलं १९६४ साली. माझ्याकडे गाडीचा एक कृष्णधवल फोटो आहे, त्याच्या पांढऱ्या कडेवर 'ऑगस्ट ५७' छापलंय. मला त्या दिवशीची चाकं हवी आहेत.

फोटोत पुढच्या चाकावर मोठी, पूर्ण रिम झाकणारी कॅप आहे आणि तिच्या मध्यावर फिरकीसारख्या उठावदार पट्ट्या. दोन पट्ट्या दिसतात, खालचा भाग गवताच्या सावलीत गेलाय. इथेच अडलोय. तीन पट्ट्यांची असेल तर ती ओल्डस्मोबाइल फिएस्टाची, १९५३ पासूनची. चार पट्ट्यांची असेल तर डॉज लान्सरची. १९५७ साली दोन्ही लावणारे होते, त्यामुळे तारखेवरून काही ठरत नाही. तीन असतील तर पट्ट्यांमधला कोन १२० अंश, चार असतील तर ९०. मी कोनमापक लावला, १०८ आले. चाक थोडं वळलेलं आहे, म्हणून हा आकडा ना इकडचा ना तिकडचा.

दुसरी अडचण यांत्रिक आहे. डिकीत स्टेपनीची रिम अजून मूळची सापडली: १५ इंची, ५ इंच रुंद, लाल रंगाची. तिच्या बाहेरच्या ओठावर गोलाकार बारीक ओरखडे आहेत, कॅपच्या दातांनी धरल्याचे. म्हणजे तीही कधीतरी कॅपखाली होती. शेजारच्या दोन भोकांचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर २.७९ इंच भरलं, म्हणजे पाचही नटांच्या भोकांच्या मध्यांतून जाणारं वर्तुळ पावणेपाच इंची, जसं शेव्हरोलेचं असायला हवं. मागे ती नीट बसली. पुढे मात्र मधल्या काळात कोणीतरी ड्रम काढून डिस्क ब्रेक घातलेत. रिम हबवर सरकवली आणि अर्धा इंच उरला असतानाच कॅलिपरला, म्हणजे डिस्क पकडणाऱ्या ब्रेकच्या भागाला, जाऊन टेकली. हाताने फिरवली तर खर्र आवाज.

तर प्रश्न असे: फोटोतली कॅप नक्की कशी ठरवू? पुढे ड्रम परत लावू, स्पेसर (हब आणि रिमच्या मध्ये घालायची जाड चकती) घालू की दुसरी रिम शोधू? आणि टायर जुन्या पद्धतीचे घ्यावे की रेडियल?

प्रतिसाद १

दादा, कोनमापक लगेच लावू नका. वळलेल्या चाकाचा फोटोत लंबगोल होतो. फोटो स्कॅन करा, चाकाची उंची तशीच ठेवून फक्त आडवा ताणा, टायरची बाहेरची कड अगदी गोल होईपर्यंत. मग कोन मोजा, खरा आकडा हाती येईल.

स्पेसर घालू नका. पुढचं चाक बाहेर येईल आणि खाली बसवलेल्या गाडीत वळताना मडगार्डला घासेल.

प्रतिसाद २

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढलेला माणूस, म्हणून एक कळकळीने सांगतो. बीएमडब्ल्यूची १२० मिलिमीटरची चाकं 'बसतात' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. तुमचं वर्तुळ १२०.६५ मिलिमीटर आहे. नट आवळला जातो, पण तिरका बसतो आणि चालत्या गाडीत ढिला होतो. भोकं कानशीने मोठी करणं तर नकोच नको. फोर्ड-मर्क्युरीची रिम साडेचारची, कॅडिलॅक-ब्यूकची पाचची, तीही नाही चालणार.

पुढे डिस्क राहू द्या, अमेरिकेतल्या हायवेवर ब्रेक महत्त्वाचा. शेव्हरोलेच्याच नंतरच्या डिस्कवाल्या गाड्यांची १५ इंची, ६ इंच रुंदीची साधी लोखंडी रिम शोधा. पूर्ण कॅप लागल्यावर आतली रिम कोणाला दिसणार? फक्त दोन गोष्टी बघून घ्या. एक, रिम पालथी ठेवून कडेवर सरळ पट्टी आडवी टाका आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतची खोली मोजा. ती तुमच्या जुन्या रिमच्या खोलीशी ताडून बघा. दोन, बाहेरच्या ओठाला कॅपचे दात धरतील अशी पायरी हवी. हल्ली गुळगुळीत ओठाच्या रिमा मिळतात, त्यांवरून कॅप पहिल्याच खड्ड्यात उडते.

प्रतिसाद ३

टायरबद्दल. आपल्याकडे ज्याला नायलॉन टायर म्हणतात, तिरक्या थरांचा, तोच तेव्हाचा. मूळ माप ६.७०-१५, उंची साधारण २८ इंच. दिसायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, पण रस्त्यावरच्या चरांमागे स्टिअरिंग ओढलं जातं. रेडियलमध्येही रुंद पांढऱ्या पट्ट्याचे टायर मिळतात. पण पुढे एक जात, मागे दुसरी असं करू नका. मागच्या जुन्या रिमवर काहीही घाला, आत ट्यूब हवीच, ती रिम ट्यूबलेसच्या आधीची आहे. आणि रेडियल घेतलेत तर ट्यूबही रेडियलची मागून घ्या.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री फोटो ताणला. टायर गोल झाल्यावर कोन मोजला: ११९ ते १२०. फिएस्टाच! आजोबांच्या मुलीला लगेच फोन केला. ती म्हणाली, लहानपणी ती त्या पट्ट्यांना 'बाबांचा पंखा' म्हणायची.

लेथवाल्या काकांनी सांगितल्याप्रमाणे ठरवलंय: पुढे डिस्कवाल्या ६ इंची रिमा, मागे मूळच्या ५ इंची. त्यासाठी स्टेपनीची एक आहे, तिची जोडीदार शोधतोय. चारही लाल रंगवणार. मागे स्कर्ट असल्यामुळे तिथे कॅप लावणार नाही, फोटोतही मागचं चाक जेमतेम दिसतं. टायर रुंद पांढऱ्या पट्ट्याचे रेडियल, चारही एकाच जातीचे, कारण आजोबांच्या मुलीला या गाडीतून तिच्या गावापर्यंत न्यायचंय.

आता उरल्या दोन फिएस्टा कॅप. नव्याने बनवलेल्याही मिळतात, पण मला त्या काळातल्या हव्यात, थोडे ओरखडे असले तरी चालतील. १९५७ पासून अमेरिकेतल्या बहुतेक गाड्या १४ इंची रिमवर गेल्या, त्यामुळे बाजारात १४ इंची कॅपही पुष्कळ असतात. मला १५ इंचीच पाहिजेत. आधी पोमोनाच्या जुन्या सामानाच्या बाजारात जाणार, तिथे नाही मिळाल्या तर जानेवारीत टर्लॉकच्या तसल्याच बाजारात. पोमोनाला कोणी मराठी मंडळी येणार असतील तर इथे कळवा. मी पहाटेच पोचेन, सोबत फोटोची मोठी प्रत, टेप आणि ती लाल रिम असेल. कॅप घ्यायच्या आधी तिच्यावर बसवून बघणार आहे.