शनिवारी पहिल्यांदाच समुपदेशकाकडे जातेय, तिथे नेमकं काय होतं?

कृष्णाकाठ:
वडील गेल्या श्रावणात गेले. तेव्हापासून पहाटे तीनला जाग येते ती येतेच. मी सांगलीत बँकेत कॅशला बसते. गेल्या महिन्यात दोनदा हिशेब चुकला तेव्हा मात्र घाबरले. मैत्रिणीने खासगी समुपदेशक बाईंचं नाव दिलं. शनिवारी सव्वाचारची वेळ मिळालीय, ५० मिनिटांचे १२०० रुपये.

पहिल्याच दिवशी सगळं सांगावं लागतं का? रडू आलं तर? गाव एवढंसं, बाहेर ओळखीचं कुणी बसलेलं असलं तर? नवऱ्याला माहीत आहे, सासूबाईंना नाही. बोललेलं बाहेर जात नाही ना?

जास्वंद:
ताई, आई गेल्यावर मी पुण्यात आठ महिने जात होते. आधी एक फॉर्म देतात: वय, चालू औषधं, झोप, भूक, घरात कुणाला मानसिक आजार होता का, अडचणीला कुणाला फोन करायचा. त्यात ‘जगणं नकोसं वाटतं का’ असा प्रश्न होता. मी तिथे अडले, ती जागा कोरीच सोडली. आत गेल्यावर बाईंनी तोच प्रश्न तोंडी विचारला, ‘जेवलात का’ विचारावं इतक्या साध्या आवाजात. मी ‘कधीकधी’ म्हटलं. त्या दचकल्या नाहीत, पुढचं विचारत राहिल्या. किती दिवसांनी मोकळा श्वास घेतला मी!

सगळं सांगायची सक्ती नसते. ‘यावर आज नको’ म्हटलं की आमच्या बाई थांबायच्या. रडायला तर खुशाल या. मी निम्मा वेळ रडलेच होते.

एक मात्र मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. पहिल्या भेटीनंतर हलकं वाटेल असं समजून गेले आणि घरी येऊन अंगातलं त्राणच गेलं, जेवणही गेलं नाही. म्हणून शनिवारी संध्याकाळी पाहुणे, खरेदी काही ठेवू नका. मला फरक चौथ्या-पाचव्या भेटीनंतर जाणवला, तोही वहीमुळे. जाग आली की वेळ आणि मनात आलेलं पहिलं वाक्य लिहायचं. माझ्या वहीत ओळीने अकरा दिवस एकच वाक्य होतं: ‘३.१०. डॉक्टरांना आदल्या रात्रीच बोलवायला हवं होतं.’ बाईंनी समजूत घातली नाही. त्या रात्री तुम्हाला काय काय माहीत होतं, एवढंच लिहून आणा म्हणाल्या. लिहायला बसले तर चार ओळींत संपलं. आईला थोडा ताप होता आणि ती वरणभात जेवली होती.

गोपनीयतेचा हक्क मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्येच आहे. जिवाला धोका, लहान मुलावरचा लैंगिक अत्याचार, कोर्टाचा आदेश, अशा वेळी मात्र त्यांना सांगावं लागतं. हे पहिल्याच भेटीत त्यांच्या तोंडून ऐकून घ्या.

डोंगरवाट:
शिक्षण जरूर विचारा, त्यात संकोच कसला? क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची आरसीआयकडे, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे, नोंदणी असते, नंबर मागता येतो. ‘समुपदेशक’ ही पाटी छोटा कोर्स करूनही लागते. मी गेलो होतो ते गृहस्थ दुसऱ्या भेटीत स्वतःच्याच घटस्फोटाबद्दल बोलत बसले आणि मी दहा भेटींचे पैसे आधीच भरले होते. एकेका भेटीचेच द्या. नाही पटलं तर दुसरीकडे जा, त्यात कृतघ्नपणा नाही.

निवांत:
समुपदेशक औषध लिहून देत नाहीत, ते काम मनोविकारतज्ज्ञांचं. रोज पहाटे जाग आणि कामात चुका हे दोन्ही बाईंना आवर्जून सांगा, गरज वाटली तर त्या पुढे पाठवतील. आणि शनिवारपर्यंत एखादी रात्र फारच जड गेली तर १४४१६ लावा. सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे आभार. आज धीर करून फोन केला. दोन भेटींच्या मध्ये १५ मिनिटं मोकळी ठेवतात म्हणे, म्हणजे शक्यतो कुणी समोर येत नाही. पात्रताही विचारली, त्यांनी लगेच नंबर दिला. वही आणलीय. आज पहाटे ३.२० ला लिहिलं, ‘बाबांचा शेवटचा फोन उचलायला हवा होता.’

जास्वंदताई, घरात कुठे जाते म्हणून सांगत होतात तुम्ही?