मधली पानं गेली कुठे? (लॉरा इंगल्स वाइल्डर)

उन्हाळपाखरू
लेकीला (वय ९) रोज झोपताना लॉरा इंगल्स वाइल्डर या अमेरिकन लेखिकेची, तिच्या स्वतःच्या लहानपणावर बेतलेली 'लिटल हाऊस' मालिका वाचून दाखवतोय. 'ऑन द बँक्स ऑफ प्लम क्रीक' परवा संपलं. टोळांनी गहू फस्त केला, पा (म्हणजे लॉराचे वडील) हिमवादळातून जिवंत परतला, नाताळ झाला, सगळं गोड. काल पुढचं 'सिल्व्हर लेक' उघडलं तर पहिल्याच प्रकरणात लॉराची थोरली बहीण मेरी आंधळी! शिवाय ग्रेस नावाची नवीकोरी बहीण. लेक म्हणाली, "बाबा, तू पानं गाळलीस." खरंच गाळली नव्हती हो. (मागे एकदा डुकराच्या कापाकापीचं पान गाळताना पकडला गेलोय, त्यामुळे पत शून्य.)

तर मधे काय झालं? आणि हे सगळं खरं किती? जाणकारांनी सांगावं.

जुनी_जिल्द
पानं तुम्ही नाही, लॉराबाईंनीच गाळलीत.

१९३० साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, त्यांनी आपली हकीकत रेघी वह्यांत पेन्सिलने लिहून काढली. नाव 'पायोनिअर गर्ल'. तेव्हा कुणीच छापली नाही. त्याच ऐवजातून पुढे मुलांची पुस्तकं निघाली, पहिलं १९३२ मध्ये. मूळ लेखन छापून आलं थेट २०१४ साली. मी ते आणलं ते 'आता आणखी काय नवं असणार' म्हणत, आणि बर ओक गावच्या भागाशी पोचल्यावर पुस्तक मिटून नुसती बसून राहिले.

१८७५ च्या नोव्हेंबरात या मुलींना भाऊ झाला, फ्रेडी. टोळांपुढे हात टेकून घरच्यांनी १८७६ मध्ये मिनेसोटातली शेती सोडली आणि गाडी पूर्वेला वळवली. मालिकेत पा सदानकदा पश्चिमेकडे बघत असतो, त्याच्या गळी हे कसं उतरलं असेल! वाटेत एका नातेवाइकाकडे मुक्काम असताना ऑगस्टमध्ये फ्रेडी गेला. नऊ महिन्यांचा होता. मालिकेत त्याचं नावसुद्धा नाही.

मग आयोवातलं बर ओक गाव. तिथे हे लोक एका हॉटेलच्या कामाला लागले. आई-वडील राबायचेच, पण लॉरा आणि मेरीही भांडी घासायच्या, पाहुण्यांना वाढायच्या. लॉरा तेव्हा बरोब्बर तुमच्या लेकीच्या वयाची. गावातल्या डॉक्टरच्या बायकोने तर तिला दत्तक मागितलं होतं. आईने नम्रपणे नकार दिला, पण लॉराच्या पोटात गोळा आलाच असणार. ग्रेस १८७७ मध्ये इथेच जन्मली. त्याच वर्षी भाडं थकलं, घरमालक मुदत देईना, उलट घोडे विकून वसूल करीन म्हणाला. पाने रातोरात सामान गाडीत भरलं आणि उजाडायच्या आत सगळे पसार! मुलांच्या पुस्तकातला पा देणं बुडवून पळतोय हे कसं दाखवणार? म्हणून ती वर्षंच गायब.

मेरीची दृष्टी गेली १८७९ मध्ये. पुस्तकात स्कार्लेट फीव्हरचं नाव आहे. २०१३ साली काही डॉक्टरांनी जुनी पत्रं आणि वर्तमानपत्रं तपासून मेंदूला आणि त्याच्या आवरणाला विषाणूमुळे आलेली सूज, असं निदान मांडलं.

आणि खरं किती? १९३७ साली डेट्रॉइटच्या भाषणात त्यांनीच सांगून टाकलंय: सांगितलेलं सगळं खरं आहे, पण सगळं खरं सांगितलेलं नाही. बाकी मुलगी रोझ, स्वतः नावाजलेली लेखिका, हस्तलिखितांवरून हात फिरवायची, हेही धरून चाला.

आडवाट
कॅन्सस राहिलं की! 'लिटल हाऊस ऑन द प्रेअरी'त लॉरा चांगली कळती पोर आहे. प्रत्यक्षात तिथे गेली तेव्हा अडीच वर्षांची होती. म्हणजे बरंचसं घरात ऐकलेलं. धाकटी बहीण कॅरी तर तिथेच जन्मली, १८७० मध्ये, पुस्तकात मात्र ती आधीपासून गाडीत बसलेली. जवळचं इंडिपेंडन्स गाव पुस्तकात घरापासून चाळीस मैलांवर, खरं तर तेरा-चौदा.

ही गंमत झाली. गंमत नसलेली गोष्ट अशी की ती जमीन ओसेज या तिथल्या मूळ रहिवासी (इंडियन) लोकांची राखीव होती आणि पाने विनापरवाना घर ठोकलं होतं. 'तिथे माणसं नव्हती, फक्त इंडियन होते' अशा अर्थाचं वाक्य १९३५ च्या आवृत्तीत होतं. एका वाचकाने पत्र लिहून हरकत घेतली तेव्हा कुठे १९५३ मध्ये 'माणसं'च्या जागी 'वसाहतवाले' आलं. याच कारणांवरून २०१८ साली अमेरिकेतल्या ग्रंथालय संघटनेने बालसाहित्याच्या पुरस्काराला असलेलं लॉराचं नाव काढलं. माझं मत विचाराल तर पुस्तक वाचा, पण पा चीड यावी असं काही बोलला की थांबून मुलीला विचारा, "हे घर कुणाच्या जागेवर आहे?"

जुनी_जिल्द
@आडवाट, मान्य. पण मध्येमध्ये थांबून परीक्षा नको हो, पोर पुस्तकच टाकून देईल. आधी प्रकरण संपू दे.

उन्हाळपाखरू
दोघांचेही आभार. काल रात्री वाचन बंद, नुसतं बर ओक सांगितलं. फ्रेडीचं ऐकून गप्प झाली. रातोरात पळाले म्हटल्यावर मात्र उठून बसली आणि पहिला प्रश्न पाच्या व्हायोलिनबद्दल: "पाची फिडल घेतली ना?"

जुनी_जिल्द
घेतली असणारच. ती अजून आहे, मिझुरीत मॅन्सफील्डला. लॉराबाई १९५७ पर्यंत जिथे राहिल्या, तिथल्याच संग्रहालयात.